गाय व्यायल्यावरचे आजार आणि रक्ताचा रिपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाडीत गाय व्याली की आधी खरवसाची चौकशी होते, गायीची चौकशी दोन दिवसांनी, तीही ती बसली तर. मी डॉक्टर नाही. लांज्याजवळ नऊ जनावरांचा गोठा आहे, पाच जर्सी क्रॉस, तीन एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) क्रॉस आणि एक आईच्या हट्टापायी ठेवलेली कोकण कपिला. डेअरीच्या रांगेत, फोनवर, अगदी एसटीत बसल्यावर सुद्धा लोक तेच तेच विचारतात म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. औषधांची नावं आणि प्रमाणं आलीत ती डॉक्टरांशी बोलताना काय चाललंय ते कळावं म्हणून. वाचून स्वतःच सुई घेऊन बसू नका.

गाय काल व्याली, आज सकाळपासून बसलीय ती उठत नाही. अंग गार लागतंय. ताप आलाय का?

ताप नाही, उलटच. याला दुग्धज्वर म्हणतात, मिल्क फिव्हर, आणि नाव ठेवणाऱ्याने सगळ्यांना फसवलंय कारण यात ताप नसतोच. गायीचं नॉर्मल टेम्परेचर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, दुग्धज्वरात ते नॉर्मल किंवा त्याच्याही खाली येतं. कान हातात धरून बघा, गार असतात. नाकपुडी कोरडी. मान एका अंगाला वळवून पोटावर ठेवते, ओढून सरळ केली तरी परत तिकडेच. शेण बंद, कोठीपोट (चारा आंबतो ते मोठं पोट) हलत नाही. त्याच्या आधी काही तास ती उभीच असते पण मागचे पाय जड पडतात, अंग थरथरतं, गव्हाणीशी उभी राहते आणि खात नाही, तेव्हा आपण म्हणतो दमली असेल बिचारी, आणि तिथेच वेळ जातो.

रक्तात काय झालेलं असतं ते सांगतो. गायीच्या रक्तात कॅल्शियम साधारण ८.५ ते १० मिलिग्रॅम असतं (रिपोर्टमधला आकडा दर १०० मिलिलिटरला असतो, पुढे ग्लुकोज, मॅग्नेशियम, फॉस्फरसचे आकडेही तसेच समजा). ८.५ च्या खाली आलं की बाहेरून काही दिसलं नाही तरी आत गडबड सुरू झालेली असते आणि साडेपाचच्या खाली गेलं की बहुतेक गायी बसतात. आता हिशोब बघा. अख्ख्या गायीच्या रक्तात मिळून कॅल्शियम जेमतेम ३ ग्रॅम. एक लिटर चिकात, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दुधात, ते २.३ ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे पहिल्या दिवशी १० लिटर चीक निघाला तर २३ ग्रॅम गेलं, खिशात तीन रुपये आणि बिल तेवीसचं. बाकीचे वीस हाडांतून आणि आतड्यातून यायचे असतात आणि ते वेळेत आले नाहीत की गाय बसते.

जास्त करून तिसऱ्या वेतापासून (बाळंतपणापासून) पुढे होतं, जर्सीला जास्त. पहिलारू कालवड बसली तर आधी दुसरं काहीतरी शोधा, अडून व्यायल्यामुळे पायाची नस दबलीय का वगैरे.

पण मी तर व्यायच्या आधी महिनाभर रोज कॅल्शियम पाजत होतो! तरी कशी बसली?

म्हणूनच बसली असेल. राग मानू नका, मीही पहिली तीन वर्षं हेच केलं. चुन्याची निवळी, वरून दुकानातलं गुलाबी कॅल्शियम, आणि वर अभिमान.

गळ्याशी पॅराथायरॉईड नावाच्या बारीक ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की त्या पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात, ते हाडातून कॅल्शियम सोडवतं आणि ड जीवनसत्त्वाला कामाला लावून आतड्यातून जास्त ओढायला लावतं. ही यंत्रणा जागी होऊन पूर्ण जोरात चालायला दोन-तीन दिवस लागतात. तुम्ही भाकड काळात (दूध आटल्यापासून व्यायपर्यंत) भरपूर कॅल्शियम दिलंत तर ग्रंथीला कामच नाही, ती झोपलेली. मग गाय व्याली, कासेने एका रात्रीत सगळं ओढून घेतलं, आणि ही अजून डोळे चोळतेय.

दुसरी गोष्ट पोटॅशियमची. भरपूर शेण आणि गोमूत्र पडलेल्या वाफ्यातला नेपियर गवतासारखा हिरवा चारा पोटॅशियमने भरलेला असतो. त्याने रक्त अल्कलीकडे झुकतं आणि मग पीटीएच आलं तरी हाडं आणि मूत्रपिंड त्याचं ऐकत नाहीत. म्हणून शेवटचे तीन आठवडे नेपियर कमी, पेंढा आणि सुकं डोंगराचं गवत जास्त, असं आम्ही करतो. मोठ्या गोठ्यांवर या काळात अ‍ॅनायोनिक मीठ देतात, म्हणजे अमोनियम क्लोराईड, मॅग्नेशियम सल्फेट असली क्षारं, रक्त जरा आम्लाकडे आणायला. लागू पडलं की नाही ते लघवीच्या पीएचवरून कळतं, एरवी ८ च्या वर असतो तो साडेसहाच्या आसपास आला पाहिजे. चव मात्र भयाण, आमच्या गायींनी आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) घातलं तर आंबोणच सोडलं. दोन-चार गायी असतील तर एवढ्यात पडू नका, चारा बदला, कॅल्शियमची बाटली शेवटचे तीन आठवडे बाजूला ठेवा आणि व्यायल्याबरोबर सुरू करा. मिनरल मिक्स्चर सरसकट बंद करायचं नाही, त्यात मॅग्नेशियम, झिंक, सेलेनियम पण असतं. व्यायच्या आधी आणि नंतर वापरायचं वेगळं मिनरल मिक्स्चर मिळतं ते विचारून घ्या.

बाटली मीच लावली तर? कंपाऊंडरचं बघून बघून येतं मला.

नको. साधारण ४५० मिलिलिटरच्या बाटलीत २५ टक्के कॅल्शियम बोरोग्लुकोनेट असतं, म्हणजे आठ-नऊ ग्रॅम कॅल्शियम, रक्तातल्या एकूण साठ्याच्या तिप्पट. हे धडाधड शिरेत गेलं की हृदय अडखळतं आणि गाय तुमच्यासमोर जाते. डॉक्टर बघा कसे देतात, एक हात बाटलीवर आणि कानाला स्टेथोस्कोप, ठोका चुकायला लागला की बाटली खाली. १०-१५ मिनिटं लावतात, अर्धी कधी कधी कातडीखाली देतात, बाटली अंगाएवढी कोमट करून. आणि खरंच दुग्धज्वर असेल तर सुई चालू असतानाच गाय थरथरते, ढेकर देते, शेण टाकते. तो क्षण बघण्यासारखा असतो, इतकी वर्षं झाली तरी मला काटा येतो.

साधारण चारात एक गाय १२ ते ४८ तासात परत बसते, त्यामुळे उठली म्हणून डॉक्टरांचा नंबर विसरू नका.

आणि उभ्या गायीला, जी खातेपितेय, तिला "सावधगिरी म्हणून" शिरेतून बाटली लावून घेण्याची फॅशन आलीय ती चुकीची आहे. रक्तात एकदम उसळी आली की ग्रंथी परत झोपते आणि दुसऱ्या दिवशी कॅल्शियम आधीपेक्षा खाली जातं. उभ्या गायीला तोंडाने कॅल्शियम जेल द्या, व्यायल्यावर लगेच एक आणि १२ तासांनी एक. बसलेल्या, मान टाकलेल्या गायीला मात्र तोंडाने काहीही नाही, बांबूच्या नळीने पाजलेलं थेट फुप्फुसात जातं.

आजोबा सायकलच्या पंपाने कासेत हवा भरायचे म्हणे, आणि गाय उठायची. खरं आहे?

खरं आहे हो. १८९७ मध्ये डेन्मार्कच्या श्मिट नावाच्या पशुवैद्याने कासेत पोटॅशियम आयोडाईडचं पाणी भरून दुग्धज्वराच्या गायी उठवल्या, पुढे लोकांच्या लक्षात आलं की नुसती हवा भरली तरी चालतं. कासेत दाब वाढला की दूध तयार होणं थांबतं, कॅल्शियमची गळती बंद. रक्तातलं कॅल्शियम कमी होतं म्हणून हे सगळं होतं, हे १९२५ च्या सुमाराला समजलं, म्हणजे उपाय आधी आणि कारण नंतर. पण त्या पंपाच्या नळीतून कासेत काय काय जातं ते विचारू नका, गाय उठते आणि सड जातो. आता करू नका.

रक्त तपासून घ्यायचंय. जवळच्या लॅबमध्ये देऊ का? कुठल्या नळीत?

हा प्रश्न मला फार प्रिय आहे कारण यात मी स्वतः तोंडावर आपटलोय.

गणपतीच्या आधीचा आठवडा, माझी चंद्री तिसऱ्यांदा व्यालेली, दुसऱ्या दिवशी जरा मलूल. डॉक्टर म्हणाले कॅल्शियम करून घे. मी माणसांच्या एका लॅबमधून नळ्या आणल्या होत्या, त्यांनी दिल्या त्या घेतल्या, जांभळ्या टोपणाच्या. रक्त काढून दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला, कॅल्शियम दोनच्याही खाली आणि पोटॅशियम १५ च्या वर. असं रक्त असलेली गाय जिवंतच राहू शकत नाही, आणि चंद्री समोर रवंथ करतेय. मी घाबरून डॉक्टरांना फोन, ते आधी हसले मग विचारलं टोपण कुठल्या रंगाचं होतं. जांभळ्या नळीत ईडीटीए असतं, पोटॅशियमचं मीठ, त्याचं कामच कॅल्शियमला पकडून रक्त गोठू न देणं. म्हणजे मी नळीतली पावडर तपासून घेतली होती, गाय नाही. पैसे गेले ते गेले. रात्री रिपोर्ट बघून मी जी बाटली लावायला निघालो होतो ती लागली असती तर काय झालं असतं हा विचार अजून येतो.

तर, कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, प्रोटीन, लिव्हर याला लाल टोपणाची साधी नळी, गोठू द्यायचं आणि वरचं सीरम तासा-दोन तासात वेगळं करून घ्यायचं. ग्लुकोजला राखाडी टोपण, फ्लोराईडवालं, कारण साध्या नळीत रक्तपेशी बसल्या बसल्या साखर खात राहतात आणि तालुक्याला पोचेपर्यंत निम्मी संपते. जांभळी फक्त हिमोग्लोबिन, पेशींची मोजणी आणि गोचीड तापाच्या स्लाईडसाठी.

रक्त मानेच्या शिरेतून नाहीतर शेपटीखालून. पोटाखाली जी जाडजूड दुधाची शीर दिसते ती सोपी वाटते पण तिथून घ्यायचं नाही, ते रक्त कासेतून फिरून आलेलं असतं, ग्लुकोज आणि किटोनचे आकडे वेगळे येतात. नळी जोरजोरात हलवायची नाही. पेशी फुटल्या की सीरम गुलाबी दिसतं आणि पोटॅशियम, फॉस्फरस, एएसटी (लिव्हर आणि स्नायूंचं एन्झाइम, रिपोर्टवर एसजीओटी असंही लिहितात) खोटं वाढतं. आणि आपली कोकणी आयडिया, मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून नळी एसटीने पाठवायची, ती चांगली आहे पण सीरम वेगळं काढल्यावर. न गोठलेलं अख्खं रक्त थेट बर्फावर ठेवलं की फुटतं.

रिपोर्टमध्ये बऱ्याच आकड्यांपुढे स्टार आलेत. गायीचं लिव्हर गेलं का?

रिपोर्टवरची नॉर्मल रेंज माणसाची आहे का ते आधी बघा. माणसाचं एसजीओटी ४० च्या आत हवं, गायीचं ८० ते १३० असलं तरी ठणठणीत. माणसाची उपाशीपोटी साखर ७० च्या खाली गेली तर चक्कर येते, गायीची ४५ ते ७५ च असते, ५५ म्हणजे छान. युरियाचं वेगळंच, काही लॅब युरिया छापतात काही बीयूएन, बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या रिपोर्टशी तुलना करताना भांडण लागतं. मॅग्नेशियम १.८ ते २.४, फॉस्फरस साधारण ४ ते ७. टोटल प्रोटीन व्यायच्या आधी थोडं उतरतंच, कारण रक्तातल्या अँटीबॉडी चिकात उतरतात, त्याला घाबरायचं नाही. अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) ३ ग्रॅमच्या बरंच खाली असेल तर मात्र खुराक, जंत, लिव्हर तिन्हीकडे बघायचं.

रक्त कधी काढलं हेही लिहून ठेवा. कॅल्शियम व्यायल्यापासून १२ ते २४ तासांत सगळ्यात खाली असतं, चौथ्या दिवशीही खालीच असेल तर ती गाय पुढे त्रास देणार असं धरा. किटोन तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात बघायचे.

व्याऊन दहा दिवस झाले, गाय पेंड सोडतेय आणि पेंढा खातेय, दूध कमी झालं, ताप नाही. तोंडाला गोडसर वास येतो.

किटोसिस. मराठीत कितनबाधा. घाटावरून आणलेल्या जास्त दुधाच्या गायींना आपल्याकडे हा फार, कारण गाय तिकडची आणि वैरण इकडची.

गायीला साखर पोटातून जवळजवळ मिळतच नाही. कोठीपोटात जिवाणू सगळं आंबवतात, त्यातून प्रोपियोनेट निघतं, त्याचं ग्लुकोज लिव्हर बनवतं. एक लिटर दुधातली साखर तयार करायला ७२ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं. १२ लिटरची गाय म्हणजे दिवसाला आठ-नऊशे ग्रॅम, जवळपास एक किलो साखर रोज लिव्हरने घडवायची. आणि नेमकी याच वेळी भूक मेलेली असते, व्यायच्या आधीच्या दिवसांत खाणं जवळपास ३० टक्क्यांनी उतरतं. मग अंगावरची चरबी वितळते, ती रक्तात नेफा (चरबीची सुटी आम्लं) म्हणून दिसते, लिव्हरला ती सगळी जाळता येत नाही आणि अर्धवट जळून त्याचे किटोन होतात. त्यातला मोजतात तो बीएचबी. लिटरला १.२ मिलिमोल किंवा जास्त म्हणजे छुपा किटोसिस, ३ च्या पुढे म्हणजे सरळ सरळ. लिव्हरवर चरबी साठत राहिली तर फॅटी लिव्हर, मग सलाईन किती लावा.

किटोन मोजायला माणसांच्या शुगर मशीनसारखंच छोटं मशीन मिळतं, किटोनची पट्टी वेगळी, थेंबभर रक्त, दहा सेकंद. गावच्या चार जणांनी मिळून घ्यायला हरकत नाही. दवाखान्यात लघवीवर किंवा दुधावर रोथेराची पावडर टाकतात, जांभळा रंग आला की किटोन आहेत.

उपाय म्हणून शिरेतून डेक्स्ट्रोज लावतात, त्याने गाय तासाभरात तरतरीत दिसते, पण तेवढंच, दीड-दोन तासांत साखर परत खाली. खरं काम प्रोपिलीन ग्लायकॉल करतं, ३०० मिलिलिटर दिवसातून एकदा, तीन ते पाच दिवस तोंडाने. आणि गूळ? सगळे गूळ देतात, मी पण आंबोणात खडाभर टाकतो, गाय आवडीने खाते म्हणून. पण गुळाने किटोसिस बरा होत नाही. गूळ कोठीपोटातच आंबतो, त्यातून ब्युटिरेट बरंच निघतं, आणि ब्युटिरेटपासूनच बीएचबी बनतो. किलो-किलो गूळ पाजून आम्लता झालेली गाय मी बघितलीय.

व्यायच्या आधी गायीला कुळीथ शिजवून आणि खोबऱ्याची पेंड घालून गुबगुबीत करायची आपली हौस, त्यानेही पुढे किटोसिस होतो. जाड गाय व्यायल्यावर कमी खाते आणि चरबी जास्त वितळवते. मधल्या अंगाची असावी, बरगड्या दिसू नयेत पण चाचपल्यावर लागाव्यात.

एक महत्त्वाचं. किटोसिसमध्ये काही गायी वेड्यासारख्या करतात, भिंत चाटतात, दावं चावतात, लाळ गाळतात. पिसाळण्यातही असंच दिसतं. डॉक्टर येईपर्यंत तोंडात हात घालायचा नाही, घशात काय अडकलंय बघू म्हणून सुद्धा नाही.

आमची कपिला कधी बसत नाही की किटोसिस होत नाही. मग हे सगळे आजार क्रॉसचेच का?

दोन लिटर देणाऱ्या गायीकडून कॅल्शियम जातंच किती! डोंगर चढते, झाडपाला खाते, अंगावर चरबी नाही. आई रोज ऐकवते मला. पण त्या दोन लिटरवर कर्जाचा हप्ता जात नाही, एवढंच माझं म्हणणं.

लघवी चहासारखी, कधी कॉफीसारखी होतेय. व्याऊन तीन आठवडे झाले.

कोकणात या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत आणि ती ओळखता आली पाहिजेत. काचेच्या बाटलीत लघवी धरा, हातमोजे घालून, आणि तासभर ठेवून द्या. लाल रंग तळाला बसून वर पिवळं राहिलं तर ते रक्त आहे, मूत्रमार्गात जखम वगैरे. रंग वरपासून खालपर्यंत तसाच राहिला तर रक्तपेशी अंगातच फुटून त्यातलं हिमोग्लोबिन बाहेर पडतंय. मग थर्मामीटर लावा. ताप १०४ च्या पुढे आणि अंगावर गोचीड, तर बबेसिया, गोचिडातून येणारा रक्तातला परजीवी. ताप, लालसर दूध, वाडीत गायी गाभडतायत, तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूच्या तापाचा) संशय, आणि लेप्टो माणसाला होतो हे आपल्याकडे सांगायला नको. ताप नाही, गाय पिवळी-पांढरी पडत चाललीय, हृदय धडधडतंय, आणि व्याऊन दोन ते सहा आठवड्यांच्या मध्ये आहे, तर फॉस्फरस कमी. म्हशींना हे जास्त होतं.

फॉस्फरस नसला की रक्तपेशीला ऊर्जा मिळत नाही, तिचं आवरण कडक होतं आणि ती फुटते. आपली जांभ्याची माती लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची, ती फॉस्फरस पकडून ठेवते, गवताला देत नाही. त्यात पेंढ्यात फॉस्फरस नावालाच, वर ऑक्सलेट कॅल्शियम अडवतं ते वेगळंच. वर्षभर नुसता पेंढा आणि डोंगराचं गवत असेल तर गाय व्यायल्यावर हे बिल येणारच. उपचार डॉक्टर सोडियम अ‍ॅसिड फॉस्फेट शिरेतून देऊन करतात, लवकर कळलं तर गाय वाचते, फार पांढरी पडली तर रक्त चढवावं लागतं. साध्या कॅल्शियमच्या बाटलीचा इथे काही उपयोग नाही. प्रतिबंध म्हणजे मिनरल मिक्स्चर आणि भाताचा कोंडा, कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि आपल्याकडे गिरणीत मिळतो.

वार पडत नाहीये. ओढू का? काही जण दगड बांधतात.

दगड, चप्पल, काही बांधायचं नाही आणि ओढायचंही नाही. वार (जार, वासराची गर्भाशयातली पिशवी) साधारण आठ तासांच्या आत पडते, १२ तासांवर गेली की अडकली म्हणायची. ती गर्भाशयाला बटणांसारखी चिकटलेली असते, ती बटणं सुटवण्याचं काम रक्तातल्या पांढऱ्या पेशी करतात, आणि ज्या गायीचं कॅल्शियम कमी, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी, तिच्या पेशी सुस्त असतात. जबरदस्तीने ओढली की तुकडे आत राहतात आणि आतून जखमा होतात. लोंबतेय ती जमिनीवर घासत असेल तर तेवढी कापा. रोज सकाळी ताप बघा. ताप १०३ च्या वर गेला, घाण वासाचं लालसर-तपकिरी पाणी यायला लागलं, खाणं सुटलं, की गर्भाशयाचा दाह, मग अँटिबायोटिकला उशीर नको.

सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली आणि वार अडकली तर ब्रुसेलाची (गाभडवणाऱ्या जिवाणूची) रक्त तपासणी कराच. तो माणसाला लागतो, त्यामुळे उघड्या हाताने वार उचलू नका, कुत्र्याला मिळू देऊ नका, चुना टाकून खोल पुरा. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात लस असते.

पहिल्या पावसानंतर गाय हिरव्यावर सोडली, थरथरायला लागली आणि आडवी पडून पाय झाडायला लागली.

मॅग्नेशियम. कोवळ्या गवतात पोटॅशियम जास्त आणि ते कोठीपोटातून मॅग्नेशियम आत जाऊ देत नाही. इथे तासाचा सुद्धा वेळ नसतो, डॉक्टरला फोन करा आणि गायीभोवती गलका करू नका, आवाजाने झटके वाढतात. पावसाच्या सुरुवातीला सोडायच्या आधी पेंढा खायला घाला, आणि ज्यांच्याकडे झालंय त्यांनी मॅग्नेशियम ऑक्साईड रोज ५० ग्रॅमच्या आसपास आंबोणातून सुरू ठेवा.

कॅल्शियम दिलं, दोनदा दिलं, तरी चार दिवस झाले उठत नाही. शुद्धीवर आहे, खाते पण.

आता कॅल्शियमचा प्रश्न राहिला नसेल, पायाचा झाला असेल. चार-पाचशे किलोचं जनावर एकाच मांडीवर पडून राहिलं की सहा-बारा तासांत स्नायू दबून मरायला लागतात. रक्तात सीके नावाचं एन्झाइम हजारांत जातं, एएसटी पण वाढतं. सीके लवकर उतरतं, एएसटी बरेच दिवस वर राहतं, त्यामुळे एक-दोन दिवसाआड दोन्ही करून घेतलं तर नुकसान थांबलंय की चालूच आहे ते कळतं. म्हणून गाय बसली की डॉक्टर यायच्या आधीच तिला कोब्यावरून हलवा. खाली फूटभर वाळू किंवा पेंढा किंवा पातेरा, काहीही, पण मऊ आणि घसरणार नाही असं. दर तीन-चार तासांनी कूस बदला, रात्री पण. पाणी समोर. आमच्या एचएफला मांगराच्या मागे वाळूवर ठेवली होती, भर पावसात वर ताडपत्री, वाडीतले चौघे रात्री दोनला उठून यायचे कूस पालटायला, नवव्या दिवशी स्वतःहून उठली. सगळ्याच उठतात असं नाही. छातीवर बसलेली, खाणारी, सरकायचा प्रयत्न करणारी गाय सोडून देऊ नका, सपाट आडवी पडून मान टाकलेली वेगळी.

कासेला सूज आहे, दगडी आहे का?

पहिलारूला व्यायच्या आधी येणारी सूज बोटाने दाबली की खळगा पडतो, दुखत नाही, ती आठवड्याभरात उतरते, आंबोणातलं मीठ कमी करा. दगडीत (स्तनदाहात) कास गरम, दुखरी, दुधात गाठी किंवा पाणी. छुपी असेल तर सीएमटीने (गोठ्यातच दुधात द्रावण मिसळून करायच्या चाचणीने) कळते. व्यायल्यावर अंगातल्या पांढऱ्या पेशी आधीच सुस्त असतात आणि कॅल्शियम कमी असलं की सडाचं तोंडही नीट मिटत नाही, म्हणून धार काढल्यावर अर्धा तास गाय बसू देऊ नका, वैरण टाका समोर. ओला गोठा आणि आपला पाऊस, बाकी काय सांगू.

डॉक्टर पोचायला तीन तास लागतात. तोपर्यंत?

१९६२ ला फोन लावा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे. सांगताना चार गोष्टी सांगा म्हणजे डॉक्टर बरोबर औषध घेऊन निघतील: कितवं वेत, व्याऊन किती तास किंवा दिवस, ताप किती, शेण-लघवी कशी. ताप किती याचं उत्तर "अंग गरम लागतंय" असं देऊ नका. माणसाचं डिजिटल थर्मामीटर मेडिकलमध्ये मिळतं, दोरा बांधून, तेल लावून शेपटीखाली आत आतड्याच्या भिंतीला टेकवून धरा, शेणात खुपसलं तर कमी दाखवतं. दोरा बांधायला विसरू नका, एकदा विसरलो होतो.

बसलेल्या गायीला छातीवर बसती ठेवा, एका अंगाला पेंढ्याची गंजी लावून, आडवी पडली तर पोट फुगतं.

चीक किती काढायचा? सगळा काढला तर गाय बसेल ना, मग खरवसाचं काय?

आधी वासरू. पहिल्या दोन तासांत पोटभर चीक, वजनाचा दहावा हिस्सा पहिल्या दिवसात, २५ किलोचं वासरू म्हणजे अडीच लिटर, दोन-तीनदा करून. आईच्या रक्तातून पोटात वासराला अँटीबॉडी जात नाहीत, त्या फक्त चिकातून जातात, आणि वासराच्या आतड्यातून त्या आत जाऊ देणारी वाट एका दिवसात बंद होते. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही ही जी पद्धत आहे तिच्यामुळे किती वासरं जुलाबाने गेली असतील.

जी गाय मागच्या वेताला बसली होती तिची कास पहिले दोन दिवस पूर्ण रिकामी करत नाही मी. वासराला लागेल तेवढं आणि कास ताणणार नाही इतकं वर. पहिलारू आणि कमी दुधाच्या गायीला ही भीती नाही.

खरवस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चिकाचा पण होतो, जरा पातळ लागतो, थोडं दूध कमी घालायचं. शेजारच्या काकूंना हे गेल्या वर्षी सांगितलं तर म्हणाल्या, "तिसऱ्या दिवसाचा खरवस म्हणजे दुधाची वडी रे, तो काय खरवस!" आणि पातेलं घेऊन परत गेल्या. यंदा चंद्री व्याली तेव्हा वासरू पिऊन झोपल्यावर त्यांना लिटरभर दिला, पहिल्या दिवसाचा.